मेंदूतल्या राखणदाराचा शोध

दिवाळी सरली, की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा चेहरामोहराच पालटतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. तोडणी कामगारांच्या कोप्या माळावर उभ्या राहतात आणि दिवस कलला, की उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्यांची रांग रस्त्याला लागते. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. पुढे गाण्याचा दणदणाट, मागे मात्र पुष्कळदा दिवा नाही की लाल पट्टी नाही. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन अंधारात तशीच उभी राहते आणि मोटारसायकलवरून घरी निघालेला कोणी तरणाताठा मुलगा तिच्यावर जाऊन आदळतो. दर हंगामाला अशा बातम्या येतात, आपण वाचतो आणि पान उलटतो.

आमच्या नात्यातला एक मुलगा असाच आदळला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. रातोरात पुण्याला नेले, कवटीखाली साकळलेले रक्त शस्त्रक्रियेने काढले आणि तीन आठवड्यांनी तो स्वतःच्या पायांनी घरात आला. देवाला नारळ फुटला, पेढे वाटले गेले. सगळे संपले असे सर्वांना वाटले. वर्ष उलटून गेले आणि एके दुपारी, पाण्याच्या मोटारी भरून देण्याच्या दुकानात काम करता करता, तो एकाएकी ताठ होऊन खाली कोसळला. तोंडाला फेस, हातापायांना झटके. कोणी कांदा हुंगवला, कोणी नाकाशी चप्पल धरली. घरात बाहेरच्या बाधेची कुजबुज सुरू झाली. अखेर डॉक्टरांनी मेंदूच्या चित्रावरचा एक डाग दाखवून समजावून सांगितले, की जखम भरली आहे पण तिचा वण मागे राहिला आहे आणि हे झटके त्या वणाच्या आसपास उगम पावतात. त्याची आई फारशी शिकलेली नाही. तिने जो प्रश्न केला तो मात्र मोठ्या पंडितालाही विचारात पाडणारा होता. कातडीला वण पडतो हे तिला ठाऊक होते. कवटीच्या आत, मेंदूला वण पडतो तो कसा, आणि तो घालतो तरी कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की वाट सातासमुद्रापलीकडे स्पेनमध्ये जाऊन पोहोचते. तेथे एका खेडेगावच्या डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाखाली डोळे शिणवून हे उत्तर मिळवले. त्याचे नाव पीओ देल रिओ ओर्तेगा. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव पुस्तकात भेटते. त्या नावामागच्या माणसाची कहाणी मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही.

किल्ल्याच्या गावचा डॉक्टर

ओर्तेगा यांचा जन्म ५ मे १८८२ रोजी स्पेनच्या वायादोलिद प्रांतात, पोर्तियो या गावी झाला. उंचवट्यावर वसलेले गाव, माथ्यावर जुना किल्ला आणि खाली नजर पोचेल तिथवर पसरलेले कास्तीलचे कोरडे पठार. पाऊस बेताचा, उन्हाळा रखरखीत, हिवाळा बोचरा. इंदापूरच्या माळरानावर वाढलेल्या माणसाला हा मुलूख अगदीच परका वाटू नये.

वायादोलिदच्या विद्यापीठातून १९०५ साली ओर्तेगा डॉक्टर झाले आणि दवाखाना थाटला तो आपल्याच गावात. पण जेमतेम दोन वर्षांत त्यांनी गावचा दवाखाना सोडला. त्यांचे मन ओढ घेत होते ते सूक्ष्मदर्शकाकडे. शरीराच्या एखाद्या भागाचा कागदाहूनही पातळ काप घ्यावा, तो रंगवावा आणि भिंगाखाली पेशींचा संसार न्याहाळत बसावे, या विद्येला ऊतिशास्त्र म्हणतात. त्या काळी या विद्येची काशी म्हणजे माद्रिद, आणि तिथले विश्वेश्वर म्हणजे सांतियागो रामोन ई काहाल.

काहाल यांचा दरारा आज कल्पनेत येणार नाही. मेंदू म्हणजे एकसंध जाळे नसून सुट्या सुट्या मज्जापेशींची ती रचना आहे, हे त्यांनी दाखवून दिले होते आणि १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. एका अर्थाने मागासलेल्या मानल्या गेलेल्या स्पेनला त्यांनी विज्ञानाच्या नकाशावर आणले होते. ओर्तेगा यांनी पीएच.डी.च्या तोडीचा प्रबंध मेंदूतल्या गाठींवर लिहिला, पॅरिस आणि बर्लिनला जाऊन अभ्यास केला आणि पहिले महायुद्ध पेटल्यावर मायदेशी परतून ते काहाल यांच्या छत्राखालच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

तिथे त्यांचे खरे मार्गदर्शक झाले निकोलास आचुकारो. वयाने त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे. म्यूनिचमध्ये अल्झायमर यांच्याजवळ शिकून आलेले, मोकळ्या स्वभावाचे, शिष्याच्या खांद्यावर हात टाकून शिकवणारे. मेंदूतल्या ज्या पेशींकडे कोणी फारसे लक्ष देत नव्हते, त्यांच्याकडे आचुकारो यांनी ओर्तेगांची नजर वळवली.

सरस की आणखी काही?

या दुर्लक्षित पेशी कोणत्या? आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. विचार, आठवण, हालचाल, वेदना हा सगळा कारभार त्या चालवतात. पण मेंदू म्हणजे केवळ मज्जापेशी नव्हेत. जवळपास तेवढ्याच संख्येने तिथे दुसऱ्या पेशी असतात. १८५६ साली जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी त्यांना ‘न्यूरोग्लिया’ असे नाव दिले. ग्लिया हा ग्रीक शब्द, अर्थ सरस किंवा डिंक. विटांच्या मधे चुना असावा तसा मज्जापेशींच्या मधे हा डिंक, अशी ही कल्पना. नावच असे पडल्यावर त्यांना मान कोण देणार? आपण त्यांना आधारपेशी म्हणू.

काहाल यांनी त्यांतल्या एका जातीचा चांगला अभ्यास केला होता. त्यांनी १९१३ मध्ये सोन्याचे क्षार वापरून एक रंगपद्धती काढली आणि तिच्यामुळे चांदणीसारख्या चहूबाजूंनी फाटे फुटलेल्या आधारपेशी लख्ख दिसू लागल्या. त्यांना तारापेशी म्हणतात. पण त्यांच्या आसपास आणखी काही बारीक गोल ठिपके दिसत. त्यांचे केंद्र तेवढे रंग घेई, फाटे दिसतच नसत. मज्जापेशी हा पहिला घटक, तारापेशी हा दुसरा, आणि हे बोडके ठिपके म्हणजे तिसरा घटक, असे काहाल यांनी म्हणून ठेवले. त्या ठिपक्यांना फाटे नाहीतच, असा त्यांचा समज होता. एवढ्या मोठ्या माणसाने सांगितल्यावर तो ठिपका पुन्हा कोण तपासणार?

चांदीने उजळलेले जाळे

एप्रिल १९१८ मध्ये आचुकारो रक्ताशी संबंधित असाध्य विकाराने गेले. वय अवघे ३७. गुरू आणि मित्र एकाच वेळी हरपला. प्रयोगशाळेची जबाबदारी ओर्तेगांवर आली. आचुकारो यांनी टॅनिन आणि चांदीचा उपयोग करून रंगपद्धती बसवली होती. ओर्तेगा तिच्यात सतत फेरफार करून पाहत होते आणि त्याच वर्षी त्यांना हवी ती किल्ली सापडली. ती होती सिल्व्हर कार्बोनेटची पद्धत.

ज्यांनी रोल धुण्याची काळोखी खोली पाहिली आहे, त्यांना या पद्धतीचे मर्म चटकन कळेल. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत जे चांदीचे रसायन काम करते, तेच इथेही. मेंदूचा गोठवून घेतलेला पातळ काप चांदीच्या द्रावणात बुडवायचा, मग फॉर्मॅलिनमध्ये धुवायचा. काही पेशी चांदी धरतात, काही धरत नाहीत. जिथे धरली तिथे काळी रेघ उमटते. द्रावण किती तीव्र, किती ऊन, किती मिनिटे, यावर सगळा खेळ. मिनिटभर इकडेतिकडे झाले, की काप वाया. ओर्तेगांचा हात चित्रकाराचा होता आणि चिकाटी शेतकऱ्याची.

भिंगाखाली आता जे दिसले ते पूर्वी कोणी इतके स्वच्छ पाहिले नव्हते. काहाल यांच्या बोडक्या ठिपक्यांना फाटे होते. नुसते फाटे नव्हे, तर बारीक काटेरी फांद्यांचे झुडूपच. शिवाय हे ठिपके एका जातीचे नव्हते, दोन वेगळ्या जातींचे होते. त्यांतल्या लहान, काटेरी पेशींना ओर्तेगांनी ‘मायक्रोग्लिया’ म्हणजे सूक्ष्म आधारपेशी हे नाव दिले आणि १९१९ साली लागोपाठच्या निबंधांतून जगापुढे मांडले. दुसऱ्या जातीला १९२१ साली त्यांनी ‘ऑलिगोडेंड्रोग्लिया’ म्हटले, म्हणजे मोजक्या फांद्यांच्या आधारपेशी. मोटार भरणाऱ्या कारागिराला या दुसऱ्या पेशीचे काम सहज समजावे. तांब्याच्या तारेवरचे आवरण गेले की मोटार जळते. मज्जातंतूवर असेच आवरण चढवण्याचे काम मेंदूत या पेशी करतात.

पण ओर्तेगांचे नाव अजरामर झाले ते सूक्ष्म आधारपेशींमुळे. त्यांनी नुसती पेशी दाखवली नाही, तिचे चरित्रही लिहिले. निरोगी मेंदूत या पेशी आपापल्या हद्दीत, फांद्या पसरून, एकमेकींना न भिडता बसलेल्या असतात. जणू प्रत्येक शिवारात एक मचाण आणि मचाणावर एक राखणदार. प्राण्याच्या मेंदूला सुईने जखम केली, की त्या परिसरातल्या पेशींचे रूप पालटू लागते. फांद्या आखडतात, जाड होतात, पेशी फुगते, गोल होते आणि सरपटत जखमेकडे निघते. तिथे पोहोचल्यावर मेलेल्या पेशींचे तुकडे, फुटलेल्या रक्ताचा गाळ ती गिळू लागते. राखणदार मचाणावरून उतरतो, धावत जातो आणि सफाईचे कामही आपणच करतो. या पेशी मेंदूच्या इतर पेशींच्या गोतावळ्यातल्या नाहीत, गर्भावस्थेत त्या बाहेरून मेंदूत येऊन वस्ती करतात, असेही ओर्तेगांनी सांगितले. त्या काळी हे पुष्कळांना पटले नाही.

गुरूची नाराजी

इथवर कहाणी यशाची. पण ज्याच्या घरात हा शोध लागला, त्या घरच्या वडिलधाऱ्याला तो रुचला नाही. काहाल तेव्हा साठी उलटून गेलेले, प्रकृतीने त्रासलेले. त्यांनी जे नाही म्हटले होते ते शिष्याने आहे म्हणून दाखवले होते. काहाल यांनी जाहीरपणे लिहिले, की रॉबर्टसन नावाच्या स्कॉटिश संशोधकाने या पेशी आधीच पाहिल्या होत्या. ओर्तेगांचे म्हणणे होते, की रॉबर्टसन यांनी पाहिल्या त्या पेशी निराळ्या, आपल्या सूक्ष्म आधारपेशी त्या नव्हेत. पुढे अभ्यासकांनी ओर्तेगांच्याच बाजूने कौल दिला. त्या घडीला मात्र शब्द कोणाचा चालणार, हे उघड होते.

त्यात प्रयोगशाळेतल्या कुरबुरींची भर पडली. कागाळ्या करणारे सगळ्याच कचेऱ्यांत असतात. तिथेही होते. ओर्तेगाही काही कमी मानी नव्हते. सूक्ष्म कामात बोट न हलू देणारा हा माणूस बोलण्यात मात्र पटकन दुखावला जाई आणि दुखावूनही जाई. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये काहाल यांनी पत्र लिहून त्यांना प्रयोगशाळेचा दरवाजा बंद केला.

नोबेल विजेत्या गुरूने बाहेर काढलेला माणूस. कोणाचेही धैर्य खचावे असा प्रसंग. सुदैवाने विद्यार्थ्यांच्या निवासासाठी माद्रिदमध्ये जी नामांकित संस्था होती, त्या रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस या वसतिगृहात त्यांना एक छोटी प्रयोगशाळा मिळाली. कवी लोर्का आणि चित्रकार दाली यांच्यासारखे तरुण त्या काळात याच वसतिगृहात राहत होते. त्या आवारातल्या लहानशा जागेत ओर्तेगांनी आपले कापांचे आणि बाटल्यांचे बिऱ्हाड मांडले आणि काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू केले.

पुढे काळाने दोघांमधली धार बोथट केली. गुरू-शिष्यांत पुन्हा बोलणे सुरू झाले. या साऱ्या संबंधांचे पुस्तक ओर्तेगांनी लिहून ठेवले होते. ते प्रसिद्ध झाले १९८६ साली, ते गेल्यावर तब्बल ४१ वर्षांनी. त्याचे नाव साधेच आहे. मराठीत सांगायचे तर ‘गुरू आणि मी’.

वण पाहायला आलेला पाहुणा

१९२४ साली त्या छोट्या प्रयोगशाळेत न्यूयॉर्कहून एक उंच तरुण शस्त्रवैद्य आला. बरोबर पत्नी आणि मुले. नाव वायल्डर पेनफिल्ड. त्याच्यापुढे नेमका तोच प्रश्न होता, जो आमच्या नात्यातल्या त्या माउलीने विचारला. डोक्याला मार लागून बऱ्या झालेल्या माणसांना काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी झटके येऊ लागतात. शस्त्रक्रिया केली तर मेंदूवर वण दिसतो. हा वण बनतो कसा? शस्त्रवैद्याने सुरी चालवताना काय केले तर तो कमी होईल? त्याच्याजवळच्या रंगांनी वणातल्या पेशी नीट दिसत नव्हत्या. ओर्तेगांच्या चांदीची कीर्ती ऐकून तो इथवर आला होता.

सुमारे सहा महिने पेनफिल्ड माद्रिदला राहिला. ओर्तेगांच्या शेजारी बसून त्याने ती नाजूक पद्धत हस्तगत केली. ऑलिगोडेंड्रोग्लियाबद्दल अजून अनेकांना शंका होती. पेनफिल्डने इंग्रजीत निबंध लिहून त्या पेशीची ग्वाही दिली आणि ओर्तेगांचे काम इंग्रजी जगात पोहोचले. १९२७ साली दोघांच्या नावांनी मेंदूच्या वणाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. जखमेला तारापेशी आणि सूक्ष्म आधारपेशी कसा प्रतिसाद देतात, याचे त्यात वर्णन होते.

तो प्रतिसाद आपल्याकडच्या उदाहरणाने सांगता येईल. नीरा डाव्या कालव्याला कुठे भगदाड पडले, तर गावकरी काय करतात? आधी वाहून आलेला गाळ, झुडपे उपसतात. मग दोन्ही बाजूंनी माती, दगड, पोती रचून बांध घालतात, की पाणी उभ्या पिकात पसरू नये. मेंदूतही तसेच. पहिले काही दिवस सूक्ष्म आधारपेशी सफाई करतात. त्याच वेळी भोवतीच्या तारापेशी फुगू लागतात, त्यांची संख्या वाढते आणि काही आठवड्यांत त्यांचे फाटे एकमेकांत गुंतून जखमेभोवती दाट कुंपण तयार होते. जखम मोठी असेल, मेंदूवरची आवरणे फाटली असतील, तर त्यात तंतुमय ऊतीचीही भर पडते. या बांधामुळे शेजारचा धडधाकट मेंदू वाचतो. पण वाईट एवढेच, की पाणी ओसरले तरी बांध तिथेच राहतो. वण हळूहळू आकसतो, भोवतालच्या मेंदूला ओढू लागतो. पुढे तिथल्या मज्जापेशी चिडखोर होतात आणि एकाएकी साऱ्या एकदम पेटून उठतात. हीच ती फिट. ज्याने वाचवले त्यानेच पुढे छळावे, असा हा विचित्र न्याय.

पेनफिल्डला या ज्ञानाची किंमत स्वतःच्या घरातच कळली. १९२८ साली त्याची सख्खी बहीण रूथ हिच्या मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रिया त्यानेच केली. गाठ होती ती ऑलिगोडेंड्रोग्लियाचीच. माद्रिदच्या प्रयोगशाळेत ज्या पेशीचे अस्तित्व त्याने जगाला पटवून दिले होते, तीच पेशी बहिणीच्या डोक्यात वैरीण होऊन बसली होती. पूर्ण गाठ निघाली नाही आणि काही वर्षांतच रूथ गेली. पुढे १९३४ साली पेनफिल्डने माँट्रियलला मज्जाविकारांची मोठी संस्था उभी केली आणि अपस्माराच्या शस्त्रक्रियेत जगभर नाव मिळवले. तिथेच शिकून आलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातला पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला. पोर्तियोच्या डॉक्टरापासून निघालेला धागा माद्रिदहून माँट्रियलला आणि माँट्रियलहून आपल्या देशात असा येऊन पोहोचला.

वनवास

ओर्तेगांची कीर्ती वाढत होती. देशोदेशींचे अभ्यासक त्यांच्याकडे शिकायला येत. माद्रिदच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. १९२९ आणि १९३७ या दोन वर्षी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. पारितोषिक मात्र मिळाले नाही.

१९३६ च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. माद्रिदच्या वेशीवर तोफा येऊन ठेपल्या आणि कर्करोग संस्थेचा परिसर ऐन लढाईच्या तोंडाशी आला. ज्या हातांनी चांदीचे थेंब मोजले, त्याच हातांनी आता सामानाची बांधाबांध करायची वेळ आली. पन्नाशी उलटल्यावर हा माणूस देशोधडीला लागला. आधी वॅलेन्सिया, मग पॅरिस, तेथून ऑक्सफर्ड. पॅरिसला शस्त्रवैद्य क्लोव्हिस व्हिन्सेंट यांनी आणि ऑक्सफर्डला ह्यू केर्न्स यांनी त्यांना कामाला जागा दिली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने मानाची डॉक्टरेट दिली. पण दुसरे महायुद्ध तिथेही मागे लागलेच. १९४० साली त्यांनी अटलांटिक ओलांडला आणि अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेस शहरी मुक्काम हलवला.

त्यांनी लग्न केले नव्हते. निकोलास गोमेस देल मोराल हा त्यांचा आयुष्यभराचा सोबती. या वणवणीतही त्याने त्यांची साथ सोडली नाही. परक्या शहरात त्यांनी पुन्हा एकदा, चौथ्या-पाचव्यांदा, प्रयोगशाळा उभी केली, शिष्य जमवले, १९४२ साली ऊतिशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. ज्या कर्करोगाचा अभ्यास केला, त्यानेच अखेर गाठले. १ जून १९४५ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये त्यांनी डोळे मिटले. वय ६३. मायदेशाची माती त्यांना जिवंतपणी पुन्हा दिसली नाही. स्पेनमध्ये लोकशाही परतल्यानंतर, १९८६ साली, त्यांचे अवशेष वायादोलिदला आणून शहराच्या थोर पुत्रांच्या रांगेत ठेवले गेले. आज त्या शहरातले मोठे सरकारी रुग्णालय त्यांचेच नाव मिरवते.

आज काय दिसते?

ओर्तेगांनी जे पाहिले ते मेलेल्या मेंदूच्या कापांत. निरनिराळ्या दिवशी घेतलेले काप ओळीने मांडून त्यांनी हालचाल ताडली होती, एखाद्याने फोटोंच्या अल्बमवरून लग्नाची हकीकत जुळवावी तशी. २००५ साली शास्त्रज्ञांना जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावता आले आणि सगळे चकित झाले. शांत बसलेल्या समजल्या जाणाऱ्या सूक्ष्म आधारपेशी क्षणभरही स्वस्थ नव्हत्या. त्यांच्या फांद्या सारख्या लांबत, आखडत, आसपास चाचपत होत्या. लेझरने सुईच्या अग्राएवढी जखम केली, तर काही मिनिटांत चहूबाजूंच्या फांद्या तिच्याकडे वळल्या आणि अर्ध्या तासाच्या आत जखमेला वेढा पडला. फुटलेल्या पेशीतून सांडणारे रसायन हीच त्यांना मिळालेली हाक. राखणदार झोपलेला नव्हता. तो अखंड गस्तच घालत होता.

या पेशी बाहेरून येतात, हे ओर्तेगांचे म्हणणेही २०१० साली उंदरांवरच्या संशोधनाने उचलून धरले. गर्भ अगदी कोवळा असताना, त्याच्याभोवतीच्या पीतक कोशात त्या जन्म घेतात आणि तिथून मेंदूत येतात. वणाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली आहे. तारापेशींचा बांध म्हणजे निव्वळ अडथळा, असे बराच काळ मानले जात होते. २०१६ साली उंदरांच्या मज्जारज्जूवरील प्रयोगांत हा बांध होऊच दिला नाही, तेव्हा तुटलेले तंतू अधिक वाढण्याऐवजी उलट स्थिती बिघडली. अतिरेकी झालेल्या सूक्ष्म आधारपेशी काही तारापेशींना घातक बनवतात, असेही दिसून आले आहे. म्हणजे राखणदार हवाच, पण तो वेळेवर मचाणावर परतायलाही हवा. अल्झायमरसारख्या विकारांत तो परतत नाही की काय, हे शोधण्यासाठी आज जगभर प्रयोगशाळा झटत आहेत. फिरखो यांनी ज्याला डिंक म्हटले, त्या डिंकाने असा चमत्कार केला.

त्या आईचे उत्तर

वण कोण घालतो, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. मेंदूच घालतो, स्वतःला वाचवण्यासाठी. त्यात ना कोणाची नजर, ना कोणाचा शाप. डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाला वर्षा-दोन वर्षांनीही झटके येऊ शकतात, हे घरच्यांना माहीत हवे. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही कोंबू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर थेट दवाखाना गाठावा. कांदा नको, चप्पल नको. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बहुतेकांचे झटके नीट औषधोपचाराने आटोक्यात राहतात.

आमचा तो मुलगा आज पुन्हा दुकानात बसतो. मोटारसायकल डॉक्टरांनी बंद केली आहे, म्हणून धाकटा भाऊ त्याला सोडतो आणि नेतो. गोळीचा डबा आईने देव्हाऱ्याशेजारी ठेवला आहे, म्हणजे सकाळी दिवा लावताना आठवण राहते. तांब्याच्या तारेचे वेटोळे घालताना तो पूर्वीसारखाच शांत असतो. जळलेली मोटार त्याला पुन्हा भरता येते. मेंदूचे तसे नाही. तिथे एकदा जळलेली तार बहुधा पुन्हा भरून मिळत नाही.

उसाचा हंगाम दर वर्षी येतो. ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी लावायला फार पैसे लागत नाहीत, मोटारसायकल काढताना हेल्मेट डोक्यावर चढवायला फार वेळ लागत नाही. कवटीच्या आत अब्जावधी राखणदार रात्रंदिवस गस्त घालतात. बाहेरची राखण मात्र आपल्यालाच करायची आहे.